काखेतली पट्टी

मी शिवणाचा क्लास चालवते. आमच्याकडे ब्लाउज शिकवून झाला की शेवटच्या आठवड्यात एक पट्टी शिकवली जाते. तंग झालेला ब्लाउज बाहीच्या काठापासून काखेतून थेट कमरेपर्यंत उसवायचा आणि तिथे उरेब, म्हणजे धाग्याला तिरपी धरून कापलेली, लांबट पट्टी बसवायची. मधे रुंद, दोन्ही टोकांना निमुळती. बाही आणि छाती एकदमच सैल होतात, आणि हात वर केला तरी ब्लाउज अंगावरून वर चढत नाही. पोरी तिला ‘बाईंची पट्टी’ म्हणतात. आसपासच्या दोन क्लासनीही ती उचलली, नाव माझंच ठेवून.

ती पट्टी माझी नाही. एकोणीस वर्षं मी ती माझी म्हणून शिकवली. सांगायला इतका उशीर का, असं कोणी विचारलं तर सोपं उत्तर आहे : खोटं सोयीचं होतं आणि त्यावर माझं बरं चाललं होतं.

साठचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. मी मॅट्रिक होऊन घरात बसले होते. घरात बसलेल्या मुलीवर तेव्हा नागपुरात दोनच औषधं होती, लग्न नाहीतर शिवणक्लास. ताईचं लग्न आधी व्हायचं होतं म्हणून मला दुसरं औषध मिळालं. महाल भागात एका घराच्या माडीवर आमच्या बाईंचा क्लास होता. पाच मशिनी, त्यातल्या तीन चालणाऱ्या. खाकी कागदांचे गठ्ठे. एक लांब लाकडी पट्टी, जिचा उपयोग मापाला कमी आणि टेबलावर आपटायला जास्त.

चार महिन्यांत मी स्वतःला मोठी कारागीर समजायला लागले. आमची आई वीत आणि बोटं मोजून कपडे बेतायची, आणि ते सगळ्यांना नीट बसायचे. पण मला त्याची लाज वाटायची. मी घरात टेप गळ्यात घालून फिरत असे. जेवतानासुद्धा. एकदा तो वरणात बुडाला, तरी काढला नाही. कोणी ‘हुशार आहे पोरगी’ म्हटलं की मान खाली घालायची, एवढं मात्र मला क्लासबाहेर कोणी न शिकवता येत होतं.

शेजारच्या मशीनवर बसणारीला मी मैत्रीण म्हणत असे. ती नाल्यापलीकडच्या वस्तीतली. तिच्या घरच्यांनी छप्पन साली दसऱ्याला दीक्षा घेतली होती. ती तेव्हा सात वर्षांची, बापाचं बोट धरून गेलेली. तिला त्यातलं एवढंच आठवायचं, की सगळीकडे पांढरं पांढरं होतं आणि तिला तहान लागली होती. तिचे वडील मिलमध्ये होते आणि कापसाच्या धुळीने त्यांची छाती भरत आली होती. तिला घ्यायला आले की क्लासचा जिना चढताना ते मधे थांबत आणि भिंतीवरचं काहीतरी बघत असल्याचं दाखवत. घरात मोठी तीच. हे सगळं मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आले, म्हणून इथे मुद्दाम लिहिते.

त्या वर्षी बाईंना मदतनीस हवी होती. नव्या पोरींना हात धरून शिकवायला एक मुलगी त्या ठेवणार होत्या, कायमची. निवड दोघींतच होती, तिच्यात आणि माझ्यात. बाई एकदा सगळ्यांदेखत म्हणाल्या, “कापायला कोणीही शिकतं. बिघडलेलं जी सुधारेल, तिला ठेवीन मी.” माझं कागदावरचं काम तिच्यापेक्षा चांगलं होतं. हात तिचा चांगला होता. तिला ती जागा हवी होती कारण बाप दमला होता. मला हवी होती कारण दुपारी घरात झोप येत नसे.

त्याच उन्हाळ्यात ताईचं लग्न निघालं.

आमच्यात नवरीला हळदीचं लुगडं आणि हळदीची चोळी. मामाने पांढरं कापड आणायचं, चोळी घरातल्या बाईनेच शिवायची, आणि शिवून झाल्यावर लुगडं-चोळी दोन्ही पाच सवाष्णींनी हळदीच्या पाण्यात बुडवायची. त्याआधी कापडाला पाण्याचा थेंब लागता कामा नये. कोरं म्हणजे कोरं. हा नियम आमच्या आत्याच्या ताब्यात होता. आत्याच्या ताब्यात असे बरेच नियम होते, आणि ते पाळले जातात की नाही हे बघण्यासाठी ती लग्नाच्या पंधरा दिवस आधी येऊन बसली होती.

नियम वाईट नव्हता. जुन्या बायका गाठीची चोळी शिवत. समोर गाठ मारायची, बाकी सगळं सैल. कापड आटलं तरी गाठ जरा पुढे बांधली की झालं. त्या नियमाला ती गाठ धरून होती. मी गाठ काढून टाकली. ताईला फॅशनची, हुकांची, अंगाबरोबरची चोळी शिवायची असं मी ठरवलं, कारण लग्नाला बाई येणार होत्या आणि बाईंनी ती बघायला हवी होती. शिवणीच्या आत जी माया ठेवतात, म्हणजे पुढे सैल करायला जास्तीचं कापड, तीसुद्धा मी बोटभरही ठेवली नाही. शिवण बारीक दिसावी म्हणून.

चोळी बेतायला मी कापड क्लासमध्ये नेलं. मैत्रीण आपल्या मशीनवरून वाकून बघायला लागली. चिमटीत धरून कापड चुरगाळलं.

“पाण्यातून काढलं का वं?”

“आमच्यात कोरंच लागते.”

“लागत असन. पण हे हातमागाचं आहे, खळीचं. दोन बोटं तरी आत जाईन.”

“तुमच्यात नसते हे, म्हणून तुले माहीत नाही.”

तिने कापड सोडलं. मग म्हणाली, “आमच्यात तं कापड आटते बाप्पा.” आणि आपली काजं करायला लागली.

मी हसले. कसलं हसले ते मला चांगलं आठवतं. आत्या हसते तसं.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी मागच्या अंगणात गंगाळात हळद कालवली. पाच सवाष्णी जमल्या. त्यातल्या दोघींचं आपसात बोलणं नव्हतं, त्यामुळे लुगड्याचं एक टोक एकीने आणि दुसरं दुसरीने, एकमेकींकडे न बघता बुडवलं. चोळी आत्याने स्वतः बुडवली, तीनदा, कोणी मोजत नसताना मोठ्याने मोजून. उरलेला पांढऱ्या कापडाचा तुकडा मांडवाच्या मेढीला आधीच बांधून झाला होता. मे महिन्याचं ऊन. चोळी अर्ध्या तासात वाळून कडक झाली.

जेवणं झाली. घरातली आणि पाहुणी माणसं जिथे जागा मिळेल तिथे ओला पंचा तोंडावर घेऊन पडली. मी ताईला आतल्या खोलीत नेलं आणि चोळी घालून बघ म्हटलं.

बाही कोपराच्या वर सरकेना. ताईने दुसरा हात घातला, तोही अडकला. ती तशीच, दोन्ही हात पुढे, चोरासारखी उभी राहिली आणि आधी हसली.

“वं माय, ही माझी आहे की बाहुलीची?”

मग तिने माझं तोंड बघितलं आणि हसायची थांबली. बाही ओढून बसवली तर हूक चार बोटं दूर. मी आत माया शोधली. शोधायचं नाटक केलं खरं म्हणजे. नाही हे मला माहीत होतं.

“दुसरी शिव,” ताई म्हणाली.

“दुसरी हळदीची नाही होत. पाच जणी परत कुठून आणू? आणि आत्या?”

हळदीची चोळी नवरीच्या अंगात जात नाही म्हणजे काय, हे आत्याने कसं आणि किती जणांना सांगितलं असतं, ते आम्हा दोघींना वेगळं सांगायची गरज नव्हती. वराकडची मंडळी संध्याकाळी गावात उतरणार होती. ताई खाटेवर बसली आणि एकदम शांतपणे म्हणाली, “तिले बोलाव.” मी ‘कोणाला’ असं विचारलंसुद्धा नाही.

डोक्याला पंचा बांधून मी भर दुपारी नाल्यापलीकडे गेले. ती दाराशी बसून तांदूळ निवडत होती. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, “आटली?”

“किती?” एवढाच तिचा पुढचा प्रश्न. मी बोटांनी दाखवलं. तिने तांदळाचं सूप आत ठेवलं, कापडाची पिशवी घेतली आणि चपला घालताना म्हणाली, “मागचंच दार लागेन ना? चाल.”

मागच्याच दाराने तिला आत घेतलं, आणि खोलीला आतून कडी लावली.

तिने चोळी हातात घेतली, उलटी केली आणि आतली माझी बारीक, सुंदर शिवण बघितली. “कोणाले दाखवाची होती एवढी बारीक?” असं म्हणून ती उसवायला लागली. ताई अंगावर टॉवेल घेऊन बघत बसली होती. बाहीच्या काठापासून कमरेपर्यंत दोन्ही कडा उसवल्यावर तिने चोळी ताईच्या अंगावर धरली.

“इथं कापड पाहिजे. लुगड्याच्या आतल्या टोकाची वीतभर काढू?”

“हळदीच्या लुगड्याला कात्री लागत नाही,” मी म्हणाले.

“मंग तुमच्यात कात्री लागते तरी कशाले?”

ताई टॉवेलात तोंड घालून हसली. लग्नाच्या आदल्या दिवसाची दुपार होती आणि ताई आत्यापेक्षा माझ्या मैत्रिणीवर जास्त खूश होती.

मैत्रिणीने पिशवीतून दोन पांढरे तुकडे काढले. वीत-वीतभर, चौकोनी, धुऊन धुऊन मऊ झालेले. तिच्या आईचं लुगडं होतं, दसऱ्याला दीक्षेच्या मैदानावर नेसून जायची ते. फाटलं तेव्हा चांगल्या भागाची मामाच्या तान्ह्या पोरीसाठी झबली झाली आणि हे उरले. “हे काही आता आटत नाही. आटाचं ते आटून झालं,” ती म्हणाली.

मी ते धुवायला साबण आणायला निघाले तर तिने माझ्या हातावर चापट मारली. “लाल करतेस का? हळदीले साबण लागला का कुंकू होते त्याचं. लिंबू आण.” तिची आई सोड्याने कपडे धुते, तो कापडात उतरलेला असणार, म्हणून तिने तुकडे आधी लिंबाच्या पाण्यातून काढले. मग मी ते अंगणात नेऊन गंगाळातल्या उरलेल्या हळदीत बुडवून आणले. ते पाणी दुसऱ्या दिवसापर्यंत सांडायचं नसतं, हाही आत्याचाच नियम, आणि तिचे सगळे नियम धरले तर कामाला आलेला हा एकच. तुकडे खिडकीच्या गजांवर वाळत घातले. पिवळे झाले, पण जरा फिके.

तिने एक तुकडा कोनावर कोन ठेवून दुमडला आणि त्या तिरप्या रेघेवर पट्टी कापली. दुसऱ्याची तशीच. मशीन वाजली असती म्हणून तिने सगळं हाताने शिवलं. बारीक टीप, मागे एक पाऊल घेऊन पुढे दोन, अशी. मी सुया ओवून देत होते. तेवढंच माझं काम, ते लक्षात ठेवलेलं बरं.

दुसरी बाजू अर्धी झाली असेल तेव्हा दार वाजलं.

“कोण हाय वं आतमंदी?” आत्या.

“मीच आहे, आत्या. ताई आहे.”

“अन् कडी काहून लावली?”

“ताई कपडे बदलून राहिली.”

“तिघींचा आवाज येते मले.”

“तुम्हाला झोपेत आला असन,” ताई आतून म्हणाली. आत्या काहीतरी पुटपुटत गेली. तोपर्यंत मैत्रिणीची सुई हवेत होती. ती हळूच म्हणाली, “खाटेखाली जाऊ का मी? सांग, जमते मले.”

मी म्हटलं, “तसं नाही वं.” तसंच होतं.

चार वाजता चोळी ताईच्या अंगात गेली. हूक लागले. तिने ताईला दोन्ही हात वर करायला लावले, खाली घ्यायला लावले, वाकायला लावलं. चोळी जागची हलली नाही. ताईने तिचे हात धरले आणि सोडलेच नाहीत. मला मात्र एकच चिंता, की चहाला घर उठायच्या आत ही बाहेर पडायला हवी.

“पाणी दे थोडं,” ती म्हणाली.

मी स्वयंपाकघरात गेले. माठावर आमचे पितळी पेले होते. खाली कोपऱ्यात कामवालीचा जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, गडू होता. मी पेला उचलला. ठेवला. फळीवर एक स्टीलचं नवं भांडं होतं, आहेराचं, अजून कोणी न वापरलेलं, ते बघितलं. मग परत पेला घेतला, भरला आणि परत आले. किती वेळ लागला असेल? मला वाटलं फार नाही.

ती दारात चपला घालून उभी होती. माझ्या हातातल्या पेल्याकडे तिने पाहिलं.

“राहू दे आता. कोणत्या भांड्यात आणावं, याच्यातच तहान गेली माझी.”

गेली. मी पेला हातात घेऊन उभी. मग मी ते पाणी प्यायले, जसं काही त्याने काही सिद्ध होणार होतं.

संध्याकाळी आत्याने काखेतली ती फिकी पट्टी हेरलीच. “हे का होय वं?” “फॅशन आहे, आत्या.” “कार्टे, काखेत कोणती फॅशन?” पण बाकी चोळी पिवळी होती, सवाष्णी पाच होत्या, आणि वराकडचे दारात आले होते. विषय तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी गोरज मुहूर्त. आंतरपाट दूर झाला आणि ताईने हार घालायला हात वर केले. जावई उंच, त्यात त्यांच्या मित्रांनी, ठरलेलीच थट्टा, त्यांना खांद्यांवर उचलून धरलं. ताई टाचा उंचावून, दोन्ही हात पूर्ण वर, दोनदा-तीनदा हार घेऊन उसळली. सगळा मांडव हसत होता. आमच्या बाई तेवढ्या हसत नव्हत्या. चारशे माणसांच्या लग्नात त्या एकट्या नवरीच्या काखेकडे बघत होत्या.

नंतर त्यांनी मला गर्दीतून ओढून बाजूला घेतलं. क्लासच्या मुली भोवती होत्या. तीही होती, बाकीच्यांबरोबर रीतसर कार्डावर बोलावलेली, पुढच्या दाराने आलेली.

“चोळी आटली होती ना?” बाईंचा आवाज हळू होता, पण डोळे चमकत होते. “मी शिवण बघितली. काखेतून एकच पट्टी, आणि तीही उरेब! कापड ताणलं जातं, ओढ बसत नाही. हे मी तुम्हाला शिकवलेलं नाही. कोणी केलं हे?”

ती माझ्यापासून दोन हातांवर होती.

“मी,” मी म्हणाले.

एवढंच. एका अक्षराचं उत्तर. बाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी तिच्याकडे पाहिलं, कारण न पाहणं जास्त दिसलं असतं. तिने माझ्याकडे नीट, काही न मागता, पाहिलं आणि म्हणाली, “छान शिवलंस.”

पंगत बसली तेव्हा मी तिला शोधलं. म्हणजे, ती नाही याची खात्री करून घेतली. एक मुलगी म्हणाली, “ते गेली. डोकं दुखून राहिलं म्हणे तिचं.”

पुढे किती तरी वर्षं मी स्वतःला समजावत आले, की त्या मांडवात खरं सांगणं शक्यच नव्हतं. आत्या, सासरची माणसं, ‘नवरीच्या हळदीला कोणाचा हात लागला’ असा गोंधळ, ताईचा संसार. मी ताईचं लग्न सांभाळलं, म्हणून गप्प बसले. चांगलं कारण आहे. त्यात एकच भोक आहे. लग्नानंतर बाईंनी मदतनीस ठरवायला दहा दिवस घेतले. त्या दहा दिवसांत मी रोज क्लासला जात होते. माडीवर बाई एकट्या असत, आत्या आपल्या गावी परतली होती, ताई सासरी सुखात होती. जिना चढून दोन वाक्यं बोलायची होती. रोज जिना चढले. वाक्यं बोलले नाही. जागा मला मिळाली.

तिने कोर्स पुरा केला, माझ्याशी पहिल्यासारखंच बोलली, म्हणजे कात्री दे, खडू दे एवढं, आणि परीक्षा झाल्यावर गेली. पावसाळ्यानंतर तिचं लग्न झाल्याचं कळलं, सावनेरला. बाईंनी पुढे क्लास माझ्या हवाली केला. ती पट्टी मी फळ्यावर काढून शिकवायला लागले. उरेब का, पंचेचाळीस अंशच का, धागा कसा ताण घेतो, सगळं शास्त्र मी तयार केलं. मला वाटतं पहिली काही वर्षं सांगताना जीभ अडखळायची. मग तीही बंद झाली. माणूस किती लवकर निर्ढावतो हे बघायला दूर जावं लागत नाही.

गेल्या हिवाळ्यात ताई माहेरी आली. तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि मुलीला आईच्या हळदीच्या चोळीसारखीच चोळी हवी होती. ताईने ट्रंकेतून ती काढून माझ्यापुढे ठेवली. हळद उडून पांढरट झालेली. काखेतली पट्टी तेवढीच, बाकीच्यापेक्षा किंचित फिकी.

“हे तुझ्याच्यानं होत असन तं शिव,” ताई म्हणाली. “नाहीतर जिचं आहे तिले विचार. सावनेरला बाजारात कापडाच्या दुकानाच्या ओट्यावर बसते. मी दोनदा भेटली तिले.”

“तू मला कधी बोलली नाहीस.”

“तू विचारलं कधी? माझं लग्न म्हणे तू सांभाळलं. मी म्हटलं, सांभाळू दे बापडीले.”

मी एसटीने सावनेरला गेले. ओटा सापडायला वेळ लागला नाही. मशीन, शेजारी उसवलेल्या ब्लाउजांचा ढीग, चष्म्याला दोरा बांधलेली ती. अंगाने भरलेली. मला बघून तिचे पाय थांबले, मशीन थांबली.

“ये. उभी काहून आहे? बस त्या गठ्ठ्यावर.”

मी बसले. वाटेत पाठ केलेलं सगळं विसरले आणि म्हणाले, “मी तेव्हा बाईंना खोटं—”

“माहीत आहे. मी दोन हातांवर उभी होती.”

“मी माफी मागायला आली.”

“माग.”

मी मागितली. ती ऐकताना दाताने दोरा तोडत होती.

“झालं? आता हे घेऊन मी काय करू सांग. ब्लाउजले तं लावता येत नाही.” मग, मशीनकडे बघत, “त्या पावसाळ्यात बाबा मिलमधून घरी बसले. जागा भेटली असती तं मी सावनेरचं स्थळ नाही म्हणणार होती. नाही भेटली, मंग म्हटलं चला. माणूस चांगला निघाला, ते माझं नशीब. तुझा त्यात काही उपकार नाही.”

“नाही,” मी म्हणाले.

“अजून शिकवतेस म्हणे ती पट्टी. कशी शिकवतेस, बोल.”

मी सांगितलं. उरेब, पंचेचाळीस अंश, धाग्याचा ताण, सगळं. ती आधी गंभीरपणे ऐकत होती. मग तिचे खांदे हलायला लागले. मग ती इतकी हसली की खोकला आला आणि दुकानदाराने आतून डोकावून बघितलं.

“भैताड! वं, कापड कमी होतं. वीतभर तुकडा. सरळ कापली तं पट्टी कमरेपर्यंत पोचत नव्हती. कोनापासून कोनापर्यंत जास्त लांब भेटते म्हणून तिरपी कापली. मले काय माहीत उरेब-बिरेब त्या वक्ती? बाईनं तुह्या पाठीवर थाप मारली ना, तेव्हा समजलं मले, का मी काहीतरी हुशारीचं केलं म्हणून.”

मला हसू आलं नाही. तिला माझं तोंड बघून आणखी आलं.

“पाणी पेतेस?”

“हो,” मी म्हणाले. फार पटकन म्हणाले. तो पटकनपणाही तिने टिपला. भुवई जरा वर गेली. आपल्या तांब्यातून पेला भरून दिला आणि मी प्यायले.

भाचीची चोळी तिने शिवायचं कबूल केलं, कापड आधी दोनदा पाण्यातून काढून आणायच्या अटीवर. “तुमच्या आत्याले सांग, कोरं-बिरं काही नाही.” आत्या वारून सात वर्षं झाली, हे मी सांगितलं. “मंग तं सोपं झालं,” ती म्हणाली.

निघताना तिने हाक मारली. “माफी मले नको. तुह्या पोट्टींना सांग कोणाची आहे ते. सगळ्यांसमोर. बाईले जसं सगळ्यांसमोर ‘मी’ म्हणून सांगितलं, तसं.”

सोमवारी पट्टीचा धडा होता. सत्तावीस मुली. मी फळ्यावर आकृती काढली आणि खडू खाली ठेवून सगळं सांगितलं : कोरं कापड, मागचं दार, पेला, मांडव. पेल्याचं सांगताना थांबावं लागलं. आकृतीवरचं ‘बाईंची पट्टी’ पुसून तिथे तिचं नाव लिहिलं, पूर्ण, बापाच्या नावासकट. इथे ते लिहीत नाही. तिला विचारलेलं नाही, आणि न विचारता तिचं एकदा घेतलं तेवढं पुरे.

मुलींनी नाव वहीत उतरवून घेतलं. मी कशाची तरी वाट बघत होते. कोणीतरी निदान तोंड वाकडं करावं, उठून जावं. मागच्या बाकावरून एक हात वर झाला.

“बाई, मग परीक्षेत काय लिहायचं? ‘पट्टी उरेब का कापतात’ हे पाच मार्काला असते.”

“लिहा,” मी म्हटलं, “कापड कमी होतं.”